पिथिया

प्राचीन ग्रीसमधील डेल्फाय येथील अपोलोच्या मंदिरात दैवी कौल सांगणारी पुजारीण. पिथिया हे व्यक्तिनाम नसून पदनाम आहे. डेल्फायचे जुने नाव पिथो. त्यावरून ते रूढ झाले. होमरच्या नावावर मोडणाऱ्या अपोलोस्तोत्रात या स्थलनामाचा संबंध ‘कुजणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडला असून अपोलोने मारलेल्या सर्पिणीचा देह तेथे कुजला, अशी कथा दिली आहे. डेल्फाय हे मध्य ग्रीसमध्ये पार्नॅसस पर्वताच्या दक्षिण उतारावर वसलेले असून ग्रीक लोक त्याला पृथ्वीची नाभी मानीत. इ. स. पू. आठव्या शतकापासून इ. स. चौथ्या शतकापर्यंत, म्हणजे हजाराहून अधिक वर्षे, पिथियापदाची परंपरा चालू होती. एवढ्या काळात होऊन गेलेल्या पिथियांपैकी मोजक्याच स्त्रियांची नावे टिकली आहेत आणि त्यांतील एक तर लाचखोरीच्या प्रकरणामुळे टिकले आहे.

ग्रीक नगरराज्यांत स्त्रियांना राजकीय अधिकार नव्हते. अथेन्समध्ये स्त्रीला लोकसभेत बसता येत नसे आणि न्यायालयातही तिची बाजू तिच्या वतीने पुरुष पालकाने मांडावी लागे. धर्मकृत्ये हे मात्र स्त्रीला सार्वजनिक स्थान देणारे क्षेत्र होते. अथेन्सच्या अथीना पोलिअसची पुजारीण एका विशिष्ट कुलातून आजन्म नेमली जाई व तिला मोठा मान असे. तथापि अशा पुजारिणींचे काम मुख्यतः यज्ञ, मिरवणुका व देवतेच्या वस्तूंची जपणूक यांपुरते असे. पिथियेचे काम बोलण्याचे होते. तिच्या कौलांत ‘मी’ हे सर्वनाम येते ते अपोलोसाठी; राजांचे आणि नगरराज्यांचे दूत हा ‘मी’ ऐकण्यासाठी दूरदूरच्या प्रदेशांतून येत. ज्या समाजाने स्त्रीला सभेत बोलू दिले नाही, त्याने आपल्या सर्वांत प्रतिष्ठित देवस्थानात अंतिम शब्द स्त्रीच्या मुखातून ऐकावा, हा ग्रीक धर्मेतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. तिचा शब्द खरोखर कोणाचा मानावयाचा, देवाचा, पुरोहितांचा की तिचा स्वतःचा, हा वाद प्राचीन काळीच सुरू झाला व आधुनिक संशोधनातही तो चालू आहे.

एस्किलसच्या यूमेनिडीझ (इ. स. पू. ४५८) या नाटकाच्या आरंभी पिथियाच रंगमंचावर येते आणि आपल्या पीठाची परंपरा सांगते : हे स्थान प्रथम पृथ्वीदेवी गीआचे, नंतर थीमिसचे, मग फीबीचे व शेवटी अपोलोचे झाले आणि हे हस्तांतर शांततेने घडले. युरिपिडीझने मात्र अपोलोने ते बळाने मिळविल्याची कथा वापरली आहे. मूळच्या मातृदेवतेच्या पीठावर पुरुषदेवतेने ताबा मिळविला, असा तर्क काही अभ्यासकांनी या कथांवरून केला. परंतु त्याला उत्खननातून निर्णायक पुष्टी मिळालेली नाही. फेमोनोई ही पहिली पिथिया होय व महाकाव्यात वापरला जाणारा षट्‌गणी छंद तिनेच प्रथम योजला, अशीही एक आख्यायिका होती. ती ऐतिहासिक नसली, तरी कौलाची पद्यरचना पुरोहितांची नसून पुजारिणीची, अशी ग्रीकांची जुनी समजूत तीतून दिसते.

पिथियेची निवड डेल्फायमधीलच स्त्रियांतून होई. प्रारंभी कुमारिका निवडली जात असे. डायोडोरस सिक्युलस (इ. स. पू. पहिले शतक) याच्या वृत्तांतानुसार थेसलीच्या एकेक्रातीझ नावाच्या पुरुषाने एका तरुण पिथियेला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला, त्यानंतर डेल्फायवासीयांनी पन्नास वर्षांपेक्षा अधिक वयाची स्त्रीच या पदासाठी निवडावी, असा नियम केला. अशी स्त्री विवाहित असली, तरी पदावर आल्यानंतर ती कुमारिकेचा वेश धारण करी व व्रतस्थ राही. या बाबतीतला सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे प्लूटार्क (इ. स. सु. ४६–१२०) होय. तो स्वतः डेल्फायमध्ये अपोलोचा पुरोहित होता व पिथियेचे कार्य त्याने जवळून पाहिले होते. त्याच्या काळची पिथिया ही सदाचरणी, चांगल्या पण गरीब शेतकरी घरातील स्त्री होती. कोणतीही विद्या वा कला न शिकता ती देवापाशी गेली, असे तो लिहितो. कौलस्थानाच्या भरभराटीच्या काळात दोन पिथिया आळीपाळीने काम करीत व तिसरी राखीव असे. त्याच्या वेळी एकच पुरेशी होती, हेही त्यानेच नमूद केले आहे.

मूळ प्रथेप्रमाणे कौल वर्षातून एकदाच, बीसिओस महिन्याच्या सप्तमीस (फेब्रुवारी-मार्च), म्हणजे अपोलोच्या जन्मदिनी मिळे. पुढे तो दरमहा सप्तमीस मिळू लागला. हिवाळ्याचे तीन महिने अपोलो डेल्फायमध्ये नसतो व त्याच्या जागी डायोनायससची उपासना चालते, अशी श्रद्धा होती. त्यावरून नियमित कौलाचे दिवस वर्षाला नऊच असावेत, असे अनुमान केले जाते. त्या दिवशी पिथिया पवित्र झऱ्याच्या पाण्याने शुद्ध होई व अग्निकुंडात लॉरेलची पाने आणि जवाचे पीठ टाकी. प्रश्न विचारणाऱ्यास पेलानोस नावाचे, मूळ पोळीच्या व पुढे रोख रकमेच्या रूपातील दान द्यावे लागे. आशिया मायनरमधील फासेलिस नगराशी झालेल्या कराराच्या कोरीव लेखात नगराच्या प्रश्नासाठी सात ड्रॅक्मा व दोन ओबोल, तर खाजगी प्रश्नासाठी चार ओबोल असा दर दिला आहे. एका ड्रॅक्माचे सहा ओबोल होत. म्हणजे राज्याला व्यक्तीच्या अकरापट मोजावे लागत. प्रश्न विचारण्याचा पहिला मान डेल्फायवासीयांचा असे; त्यानंतर अग्रक्रमाचा हक्क मिळालेल्यांची पाळी येई व उरलेल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरे. कायोस बेटाच्या रहिवाशांनी मंदिरासमोर मोठी वेदी बांधून दिली व त्यांना हा हक्क मिळाला होता. तसा लेख वेदीवर आहे.

यानंतर एका बोकडावर गार पाणी शिंपडले जाई. तो खुरांपासून सर्वांगाने थरथरला तरच देव कौल देण्यास राजी आहे असे मानून त्याचा बळी देत. थरथरला नाही तर त्या दिवशी कौल नाही. हा नियम मोडल्याचा एक प्रसंग प्लूटार्कने सांगितला आहे. परदेशातून काही दूत आले होते. पहिल्या पाण्याने बोकड हलला नाही. दूतांना संतुष्ट करण्याच्या आग्रहापायी पुरोहितांनी त्याच्यावर पाण्याचा इतका मारा केला, की अखेर त्याने कशीबशी मान टाकली. पिथिया अनिच्छेने आत उतरली. तिच्या पहिल्याच शब्दांत घोगरेपणा होता. पुढे तिची स्थिती अनावर झाली आणि भयंकर किंकाळी फोडून तिने दाराकडे धाव घेतली. दूतच नव्हे, तर कौल-पुरोहित निकांडर व उपस्थित पवित्रजनही पळाले. थोड्या वेळाने त्यांनी परत येऊन तिला उचलले तेव्हा ती शुद्धीवर होती. परंतु काही दिवसांतच ती मरण पावली. प्लूटार्कने हा प्रसंग अपवाद म्हणून सांगितला आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. पिथियेच्या उन्मादाचे जे चित्र पुढे सर्वत्र पसरले, त्यात हा अपवादच नियम म्हणून वापरला गेला.

नित्याच्या कौलाच्या वेळी पिथिया मंदिराच्या गाभाऱ्यात तिवईवर बसे. बर्लिनच्या संग्रहालयातील, इ. स. पू. ४४० ते ४३० च्या सुमारास रंगविलेल्या एका चषकावर अथेन्सचा पुराणकालीन राजा ईजिअस हा कौल विचारीत असल्याचे दृश्य आहे. तिवईवर बसलेल्या स्त्रीला तेथे थीमिस म्हटले आहे. एका हातात उथळ पात्र व दुसऱ्या हातात लॉरेलची डहाळी धरून ती खाली मान घालून शांत बसलेली आहे. केस मोकळे सोडलेली, तोंडाला फेस आलेली पिथिया इ. स. पहिल्या शतकातील रोमन कवी ल्यूकनच्या काव्यात दिसते. नंतरच्या ख्रिस्ती धर्मलेखकांनी तीत किळसवाण्या तपशिलांची भर घातली. एकोणिसाव्या शतकातील अनेक अभ्यासकांनी याच चित्रावरून असे मानले, की पिथिया अर्थहीन बडबड करी व पुरोहित तिचे मनास येईल तसे सुसंगत पद्य बनवीत.

मूळ साधने या मताला फारसा आधार देत नाहीत. हिरॉडोटस सतत ‘पिथिया म्हणाली’ असेच लिहितो. सॉक्रेटीसहून अधिक शहाणा कोणी आहे काय, या केरेफोनच्या प्रश्नाला पिथियेने ‘कोणी नाही’ असे उत्तर दिले, असे प्लेटोने सॉक्रेटीसच्या तोंडी घातले आहे. स्ट्रेबोच्या म्हणण्याप्रमाणे पिथिया पद्यात व गद्यात दोन्ही प्रकारे बोले आणि गद्य कौल मंदिराच्या सेवेतील कवी छंदोबद्ध करीत. म्हणजे पुरोहितवर्गाचा हात कौलाच्या घडणीला व लेखनाला लागत असावा. पण मूळ वचन तिचेच होते.

पिथियेच्या अवस्थेला ग्रीकांनी ‘आत देव असणे’ या अर्थाचा शब्द वापरला. मराठीतील ‘अंगात येणे’ हा वाक्प्रचार त्याच्या जवळ जातो. प्लेटोनेही डेल्फायची भविष्यवादिनी व डोडोनाच्या पुजारिणी यांनी भानरहित अवस्थेत ग्रीसचे मोठे कल्याण केले, भानावर असताना मात्र जवळजवळ काहीच नाही, असे म्हटले आहे. प्लूटार्कची भूमिका याहून सूक्ष्म आहे. देव शरीरात शिरून माणसाचे तोंड साधनासारखे वापरतो, ही कल्पना त्याने बालिश ठरवून नाकारली. त्याच्या मते आवाज, शब्द आणि छंद देवाचे नसून त्या स्त्रीचे असतात. देव केवळ तिच्या मनात दर्शन व प्रकाश निर्माण करतो. सूर्याचा प्रकाश चंद्रावरून परावर्तित होताना मंदावतो, तशी देवाची वाणी मानवी माध्यमातून येताना बदलते, असा दृष्टान्त त्याने दिला आहे. कौलातील भाषा ओबडधोबड का, या टीकेला हे उत्तर होते. परंतु त्यात पिथियेच्या स्वतःच्या मनाला व वाणीला दिलेली मान्यताही आहे.

या अवस्थेचे भौतिक कारण काय, याचा शोध अद्याप संपलेला नाही. गाभाऱ्याखालच्या भेगेतून वायू येई, असे स्ट्रेबो व डायोडोरस सांगतात. कौल घेणाऱ्यांच्या दालनात कधी कधी सुगंध दरवळे, असा प्लूटार्कचा अनुभव आहे. १८९२ मध्ये सुरू झालेल्या फ्रेंच उत्खननात मंदिराखाली मोठी भेग आढळली नाही व १९०४ मध्ये ए. पी. ओपे यांनी वायूची कथा काल्पनिक ठरविली. २००१ मध्ये भूवैज्ञानिक डी बोअर, पुरातत्त्वज्ञ जॉन हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मंदिराच्या परिसरात एकमेकांना छेदणारे विभंग दाखवून खडकांतील हायड्रोकार्बनांपासून निघणाऱ्या एथिलीन वायूची शक्यता मांडली. २००६ मध्ये इटालियन संशोधकांनी मात्र परिणाम घडविण्याइतके एथिलीन तेथे निर्माण होणे संभवनीय नसल्याचे सांगून मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांकडे लक्ष वेधले. वायूचा पुरावा मिळाला, तरी त्याने पिथियेच्या अधिकाराचा उलगडा होत नाही. नशा कोणालाही चढू शकते; नगरराज्यांनी तिचे शब्द का मानले, हा प्रश्न वेगळा आहे.

त्याचे उत्तर कौलांच्या स्वरूपात शोधावे लागते. जोसेफ फॉन्टनरोझ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ५३५ कौलांची छाननी करून त्यांपैकी ७५ कौल समकालीन पुराव्यामुळे ऐतिहासिक मानले. त्यांतील बहुसंख्य धर्मविषयक आहेत : कोणत्या देवतेला बळी द्यावा, कोणता उत्सव सुरू करावा, अमुक कायदा योग्य आहे काय. उत्तरेही साधी व स्पष्ट आहेत. झेनोफनचे उदाहरण बोलके आहे. इ. स. पू. ४०१ मध्ये पर्शियाच्या राजपुत्राकडे जावे की नाही, याविषयी त्याने सॉक्रेटीसचा सल्ला घेतला. सॉक्रेटीसने त्याला डेल्फायला पाठविले. झेनोफनने मात्र प्रवास सुखरूप होण्यासाठी कोणत्या देवांना बळी द्यावेत एवढेच विचारले व त्याला देवांची नावे मिळाली. मुळात जावे की नाही हे विचारलेच नाही, म्हणून सॉक्रेटीसने त्याला दोष दिला. निर्णय मनात झालेला असावा आणि त्यावर देवाची संमती घ्यावी, असा पुष्कळ प्रश्नांचा प्रकार होता. इ. स. पू. सातव्या शतकात थीरा बेटावरील लोकांनी लिबियाच्या किनाऱ्यावर सायरीनी ही वसाहत स्थापली. हिरॉडोटसच्या कथेप्रमाणे तिचा नेता बॅटस आपल्या बोलण्यातील दोषाविषयी विचारण्यास गेला आणि वसाहत स्थापण्याची आज्ञा घेऊन परतला.

गूढ व द्व्यर्थी कौल प्रामुख्याने आख्यायिकांत आढळतात. लिडियाचा राजा क्रीसस याला हॅलिस नदी ओलांडल्यास एक मोठे साम्राज्य नष्ट होईल, असा कौल मिळाला आणि नष्ट झाले ते त्याचे स्वतःचे, ही कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. ऐतिहासिक दृष्ट्या अधिक महत्त्वाचा प्रसंग इ. स. पू. ४८० च्या पर्शियन आक्रमणाच्या वेळचा होय. अथेन्सचे दूत मंदिरात बसताच ॲरिस्टोनिकी नावाच्या पिथियेने त्यांना पृथ्वीच्या टोकापर्यंत पळून जाण्यास सांगितले. डेल्फायच्या टायमन नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या सल्ल्याने ते शरणागताची डहाळी घेऊन पुन्हा गेले व अनुकूल कौल मिळेपर्यंत मरेतो तेथून हलणार नाही, असे म्हणाले. दुसऱ्या कौलात लाकडी भिंत तेवढी अजिंक्य राहील असे सांगून सॅलमिसचा उल्लेख आला. लाकडी भिंत म्हणजे ॲक्रॉपलिसचे कुंपण की जहाजे, यावर अथेन्सच्या लोकसभेत वाद झाला. थेमिस्टोक्लीझने जहाजांचा अर्थ पटवून दिला व सॅलमिसच्या सागरी युद्धात ग्रीकांचा विजय झाला. या कौलांचे उपलब्ध शब्द नंतर सुधारले गेले असणे शक्य आहे. मात्र पिथियेने बोलावे व त्याचा अर्थ नागरिकांनी चर्चेने ठरवावा, ही रीत यावरून स्पष्ट होते.

ज्या शब्दाला एवढे वजन, त्याच्यावर दबावही येणारच. इ. स. पू. ४९१ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लीओमिनीझ याने आपला सहराजा डेमरेटस हा औरस पुत्र नाही, असा कौल देववला. त्यासाठी डेल्फायमधील कोबोन या वजनदार माणसाने पेरिअल्ला या पिथियेला वश केले होते. प्रकरण उघडकीस आल्यावर कोबोन पळून गेला व पेरिअल्लाला पदच्युत करण्यात आले. डेमरेटसचे राज्य मात्र गेले ते गेलेच. इ. स. पू. ३५६ मध्ये फोशियन सेनापती फिलोमीलस याने मंदिराचा ताबा घेऊन पिथियेला तिवईवर बसण्यास भाग पाडले. प्रथा मोडू नये म्हणून तिने विरोध केला आणि धमकी मिळताच ‘तुला वाटेल ते करण्याची सत्ता तुझ्या हाती आहे’ अशा अर्थाचे उद्‌गार काढले. हीच अनुज्ञा, असे फिलोमीलसने जाहीर केले. पुढे मॅसिडोनियाचा प्रभाव वाढला तेव्हा पिथिया राजा फिलिपची बाजू बोलते, असा उघड आरोप डिमॉस्थिनीझने केला. आणखी एक विसंगतीही नोंदविण्याजोगी आहे : प्लूटार्कच्या सांगण्यानुसार कौलस्थानाजवळ जाण्यास स्त्रियांना मज्जाव होता. देवाची वाणी स्त्रीच्या मुखातून येई. ती समक्ष ऐकण्याचा अधिकार पुरुषांचा होता.

कौल सांगणाऱ्या स्त्रिया इतरत्रही होत्या. एपायरसमधील डोडोना येथील झ्यूसचे पीठ ग्रीकांच्या मते सर्वांत जुने. होमरच्या काव्यात तेथे जमिनीवर झोपणारे व पाय न धुणारे पुरुष दैवज्ञ आहेत. हिरॉडोटसला मात्र तीन पुजारिणी भेटल्या व त्याने प्रोमेनीया, टिमारीटी आणि निकांड्रा अशी त्यांची नावे दिली आहेत. त्यांना ‘पारव्या’ म्हणत. तेथे पवित्र ओक वृक्षावरून देवाची इच्छा जाणली जाई. डोडोनाच्या उत्खननांत प्रश्न कोरलेले शिशाचे पातळ पत्रे मोठ्या संख्येने सापडले असून २०१३ मध्ये त्यांवरील चार हजारांवर लेख प्रसिद्ध झाले. त्यांत सामान्य माणसांच्या चिंता आहेत : अन्युला हिच्या पोटातील मूल आपले आहे काय, असे लायसेनिअस विचारतो, हरवलेल्या गाद्या-उशा बाहेरच्या माणसाने चोरल्या काय, असे एजिस विचारतो. आर्गॉस येथे अपोलोची ब्रह्मचारिणी पुजारीण महिन्यातून एका रात्री कोकराचे रक्त चाखून भविष्य सांगे, असे पॉसेनिअसने लिहिले आहे. मायलीटसजवळच्या डिडिमा येथे प्रारंभी ब्रँकस कुलातील पुरुष कौल सांगत, इ. स. पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी ते मंदिर जाळल्यावर आणि अलेक्झांडरच्या काळात पीठ पुन्हा सुरू झाल्यावर तेथे स्त्री दिसू लागते. याउलट क्लारोस येथे कौल सांगणारा पुरुषच असे. सिबिल या भविष्यवादिनींची पिथियेशी अनेकदा गल्लत केली जाते; त्या मात्र कोणत्याही मंदिराच्या पदाधिकारी नव्हत्या, विचारल्याशिवायही बोलत व त्यांची वचने ग्रंथरूपाने फिरत.

रोमन सत्तेखाली नगरराज्यांचे युद्ध-शांततेचे निर्णय संपले व पिथियेकडे येणारे प्रश्नही बदलले. लग्न करावे काय, समुद्रप्रवासाला जावे काय, कर्ज द्यावे काय, असेच प्रश्न आता विचारले जातात, असे प्लूटार्क सांगतो. साध्या प्रश्नांना साधे गद्यच शोभते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने डेल्फायचा सर्पस्तंभ कॉन्स्टँटिनोपलला नेला. सम्राट जूलियनला (कार. ३६१–३६३) डेल्फायचा वाणीचा झरा आटल्याचा कौल मिळाल्याचे नंतरच्या ख्रिस्ती लेखनात आढळते, पण तो बहुधा रचलेला असावा. ३९१ व ३९२ मध्ये थीओडोशियसने काढलेल्या आज्ञापत्रांनी मूर्तिपूजक उपासना व यज्ञ बेकायदा ठरले. त्यानंतर डेल्फायच्या तिवईवर पिथिया बसल्याचा उल्लेख मिळत नाही.